डिमेन्शियाचे टाळता येणारे धोके: आपल्या लोकसमूहात ते कसे मोजायचे आणि काम कुठून सुरू करायचं

विसराळूपणा वाढला, नेहमीचा रस्ता चुकला, साधा हिशेब जमेना झाला, की घरच्यांच्या मनात डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, शंका येते. तोवर माणूस बहुधा सत्तरीच्या पुढे गेलेला असतो. मेंदूतले बदल मात्र पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेले असतात. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचायला लागतं, तेव्हा तो माणूस पन्नाशीत असतो, नोकरी-धंदा, मुलांची लग्नं सांभाळत असतो आणि त्याला स्वतःला काहीही जाणवत नसतं. म्हणूनच डिमेन्शिया टाळायचा असेल, तर आजी-आजोबांच्या आधी त्यांच्या मुलांकडे आणि नातवंडांकडे बघावं लागतं. उशिरा सुरुवात केली तरी फायदा होतो, पण सगळ्यात मोठी कमाई चाळिशी-पन्नाशीत आहे.

हा लेख लोकसमूहासाठी काम करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे: आरोग्यकेंद्रातले डॉक्टर आणि परिचारिका, घरोघरी फिरणारे आरोग्य कर्मचारी, लोकप्रतिनिधी, ज्येष्ठ नागरिकांचा संघ चालवणारे, कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याची जबाबदारी असणारे. समूह पाचशे माणसांचा असो की पाच लाखांचा, कामाचा क्रम तोच राहतो. घरापुरतं वाचणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी एका आकड्याचा नीट अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. यातले निम्म्याहून बरेच जास्त रुग्ण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियासाठी एक आयोग नेमला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्राध्यापक गिल लिव्हिंग्स्टन त्याच्या प्रमुख. या आयोगाने २०१७ साली टाळता येण्याजोगे ९ धोके सांगितले, २०२० साली १२ आणि २०२४ साली १४. या चौदांचा मिळून वाटा त्यांनी सुमारे ४५ टक्के धरला आहे.

हा ४५ टक्क्यांचा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. ‘सगळी पथ्यं पाळली तर मला डिमेन्शिया होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी होईल’ असा त्याचा अर्थ नाही. हे चौदा धोके सगळ्या लोकसंख्येतून समजा पुसून टाकता आले, आणि डिमेन्शियाशी दिसणारा त्यांचा संबंध खरोखर कारण-परिणामाचा असेल, तर एकूण रुग्णांपैकी इतक्यांचा आजार टळला असता किंवा पुढे ढकलला गेला असता, असं तो सांगतो. ही वरची मर्यादा आहे. उरलेल्या ५५ टक्क्यांत वय आहे, आनुवंशिकता आहे आणि अजून न उलगडलेलं बरंच काही आहे. म्हणून ज्यांच्या घरात डिमेन्शियाचा रुग्ण आहे त्यांना ‘तुम्ही वेळीच काळजी घेतली असती तर’ असं कधीही म्हणू नका. एका माणसाचा आजार कशामुळे झाला, हे असले आकडे सांगूच शकत नाहीत.

आणि हे सगळं कागदावरचंच आहे का? नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा अनेक दशकं अभ्यास चालू आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिमेन्शियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण, त्या-त्या वयात, दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटत गेलं. डिमेन्शियावर खात्रीचं औषध नसलेल्या काळात हे घडलं. ही घट दिसली ती किमान शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये. ज्यांचं शिक्षण त्याहून कमी, त्यांच्या वाट्याला ती आली नाही. या शेवटच्या वाक्याकडे पुढे परत येऊ.

पायरी १: धोके वयाप्रमाणे मांडा

चौदा धोक्यांची सलग यादी भिंतीवर लावली, की काम करणाऱ्याला कुठे हात घालावा ते कळत नाही. त्यापेक्षा आयुष्याचे तीन टप्पे पाडा. कंसातले आकडे २०२४ च्या आयोगाने दिलेला टक्क्यांतला वाटा दाखवतात.

बालपण आणि तरुणपणात एकच, पण मोठा: अपुरं शिक्षण (५).

मधल्या वयात, म्हणजे साधारण १८ ते ६५, दहा आहेत: ऐकू कमी येणं (७), वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल (७), नैराश्य (३), डोक्याला झालेली इजा (३), आणि मग प्रत्येकी २ टक्क्यांचे चार, म्हणजे हालचालीचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब. लठ्ठपणा आणि अतिमद्यपान प्रत्येकी १.

उतारवयात तीन: एकटं पडणं (५), हवेचं प्रदूषण (३), उपचार न केलेली अधू दृष्टी (२).

रक्तदाबापुढे फक्त २ दिसले म्हणून त्याला खाली ढकलू नका. हे धोके एकमेकांत गुंतलेले असतात. रक्तदाब, साखर, वजन, कोलेस्टेरॉल एकाच माणसात एकत्र नांदतात आणि वाटे पाडताना त्यांची आपसात वाटणी होते. शिवाय हे जगभराच्या सरासरीचे आकडे आहेत. तुमच्या समूहात चित्र वेगळं असू शकतं, किंबहुना असतंच. आयोगाच्या पहिल्या नऊ धोक्यांवर बेतलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात हा एकत्रित वाटा चीनमध्ये सुमारे ४०, भारतात ४१, तर लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत ५६ टक्के निघाला होता. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

पायरी २: तुमच्या समूहात कुठला धोका किती, ते मोजा

मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. एक रक्तदाबमापक, वजनकाटा, मोजपट्टी, दृष्टी तपासायचा तक्ता आणि वीस-बावीस प्रश्नांचा कागद पुरतो. कोलेस्टेरॉल आणि साखरेसाठी रक्ततपासणी लागते. सगळ्यांची जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन-तीनशे जणांची करा. आपणहून शिबिराला येणाऱ्यांवरून अंदाज बांधू नका. शिबिराला येतात ते आधीच तब्येतीची काळजी घेणारे किंवा आधीच आजारी असलेले. मधले राहूनच जातात.

प्रमाण हाती आलं, की एक छोटं गणित. एखाद्या धोक्याचा समूहातला वाटा दोन गोष्टींवर ठरतो: तो धोका किती जणांना आहे आणि त्यामुळे डिमेन्शियाची शक्यता किती पट होते. पटीतून १ वजा करा, त्याला प्रमाणाने गुणा. आलेल्या उत्तराला, त्याच उत्तरात १ मिळवून, भागा.

उदाहरणादाखल १००० माणसांची एक काल्पनिक वस्ती घेऊ. तिथे ४०० जणांना ऐकू कमी येतं, ९०० जण धुरकट हवेत राहतात आणि ५० जणांच्या डोक्याला पूर्वी गंभीर मार लागला आहे. पटी आयोगाच्या वापरू.

ऐकू कमी येणं: १.४ पट. ०.४ × ०.४ = ०.१६, ०.१६ ÷ १.१६ म्हणजे सुमारे १४ टक्के.
हवा: १.१ पट. ०.९ × ०.१ = ०.०९, ०.०९ ÷ १.०९ म्हणजे सुमारे ८ टक्के.
डोक्याला मार: १.७ पट. ०.०५ × ०.७ = ०.०३५, ०.०३५ ÷ १.०३५ म्हणजे साडेतीन टक्क्यांहून किंचित कमी.

आता हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकेका माणसाच्या दृष्टीने डोक्याला लागलेला मार कितीतरी जास्त घातक, प्रदूषणाचा धोका त्यापुढे नगण्य वाटेल इतका. तरीही या वस्तीत प्रदूषणामुळे येणारा आजार दुपटीहून जास्त निघतो, कारण तो जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात हेच सांगितलं होतं: थोड्या लोकांवरच्या मोठ्या धोक्यापेक्षा पुष्कळांवरच्या लहान धोक्यातून जास्त रुग्ण तयार होऊ शकतात. लोकसमूहासाठी काम करणाऱ्याने ही एक गोष्ट पक्की धरून ठेवली, तर कुठे पैसा आणि वेळ घालायचा याचे निम्मे निर्णय आपोआप सोपे होतात.

एक खबरदारी. या टक्क्यांची सरळ बेरीज करू नका. दोन धोक्यांनी प्रत्येकी २० टक्के आजार टळत असेल, तर दोन्ही मिळून ४० टळत नाहीत. पहिल्यानंतर उरलेल्या ८० चे २० टक्के म्हणजे १६, असे एकूण ३६. आणि धोके एकमेकांत गुंतलेले असतील तर त्याहूनही कमी. या गणिताचा उपयोग क्रम लावण्यापुरता करा.

पायरी ३: रक्तदाब, आणि तो बरोबर मोजणं

क्रम काहीही येवो, रक्तदाबाचं काम पहिल्या दिवसापासून सुरू करा, असं माझं ठाम मत आहे. मोजायला सोपा, औषधं जुनी आणि स्वस्त, आणि फायदा मेंदूबरोबर हृदयाला, मूत्रपिंडालाही.

इथे दोन मोठे पुरावे आहेत. अमेरिकेत ९,३०० हून अधिक लोकांवर झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवलेल्यांची तुलना १२० च्या खाली ठेवलेल्यांशी केली गेली. २०१९ साली निकाल आला: १२० वाल्या गटात सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी होती. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा पक्का ठरला नाही. दुसरा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. चीनमधल्या ३२६ खेड्यांत जवळपास ३४,००० लोकांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या खेड्यांमधल्या गावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठरावीक पद्धतीने औषधं सुरू करण्याचं आणि वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं. औषधं फुकट किंवा अल्प दरात, घरी बीपी मोजायची सोय, आणि लक्ष्य १३०/८० च्या खाली. चार वर्षांनी त्या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या निकालात मोठी रुग्णालयं नव्हती, तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. गावातला ओळखीचा माणूस दर महिन्याला भेटत होता.

हे सगळं अवलंबून असतं ते बरोबर मोजण्यावर, आणि तिथेच सर्वात जास्त चुका होतात. गर्दीच्या शिबिरात काय घडतं पाहा. बाई जिना चढून धापा टाकत येते, खुर्चीच्या कडेला टेकते, हात हवेत तसाच लोंबता, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, आणि पट्टा फुगत असताना शेजारीण विचारते, ‘काय गं, किती आलं?’ तीही उत्तर देते. आलेला आकडा दहा-वीसने सहज चुकतो. मग एकीला नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते आणि दुसरीचा खरा आजार निसटतो.

म्हणून हे पाळा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायला सांगा. पाच मिनिटं शांत बसू द्या: पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवाच, कारण लहान पट्टा आकडा फुगवतो. मोजताना कुणीही बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा. पहिल्यांदा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी परत. १२८ आला तर १२८ च लिहा, १३० नाही. शून्यावर संपणाऱ्या आकड्यांची रांग नोंदवहीत दिसली, तर मोजणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण द्या.

चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा, असं आयोगाचं म्हणणं आहे. उतारवयात मात्र उभं राहिल्यावर चक्कर येते का, तोल जातो का, हे दर वेळी विचारा. सत्तरी-ऐंशीत रक्तदाब आपोआप उतरणं हे कधी कधी सुरू होणाऱ्या डिमेन्शियाचंही लक्षण असतं, म्हणून ‘बीपी कमी झालं, बरं झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

गोळीच्या जोडीला मीठ. चीनमधल्याच ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवरच्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं गेलं आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

पायरी ४: कान

बीपीच्या खालोखाल माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फळ देणारं काम हे आहे. ऐकू कमी यायला लागलं, की मेंदूपर्यंत आवाजाची माहिती तुटक पोचते, ती जुळवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. दुसरीकडे माणूस चारचौघांत बसणं टाळतो. घोळक्यात हसू आलं की तोही हसतो, पण कशाला ते त्याला ठाऊक नसतं. घरचे म्हणतात, ‘लक्षच नसतं यांचं.’ लक्ष असतं, शब्द पोचत नाहीत.

‘तुम्हाला ऐकू येतं ना?’ असं विचारू नका, ‘हो’ असंच उत्तर येईल. ‘आजी, टीव्हीचा आवाज कुणी कमी करायला सांगतं का? फोनवर समोरच्याचं पुन्हा विचारावं लागतं का? लग्नाच्या गर्दीत बोलणं कळतं का?’ असं विचारा. मग कुजबुजीची चाचणी. व्यक्तीच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. जो कान तपासायचा नाही, त्याचं भोक ती बोटाने दाबून बोट हलवत राहील. तुम्ही पूर्ण श्वास सोडून झाल्यावर तीन आकडे-अक्षरं कुजबुजा, ‘चार, क, दोन’ अशी. बरोबर सांगितली तर उघडा कान ठीक. चुकली तर नवी तीन द्या. सहापैकी निदान तीन बरोबर यायला हवीत. नाहीतर पुढच्या तपासणीला पाठवा. त्याआधी कानात मळ साचलाय का तेवढं मात्र बघून घ्या. काही जणांचं काम तिथेच होतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअर-डब्ल्यूएचओ’ हे मोफत ॲप वापरता येईल.

श्रवणयंत्राचा उपयोग होतो का? ‘अचीव्ह’ नावाच्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. सगळे मिळून पाहता फरक पडला नाही. पण ज्यांना आधीपासूनच डिमेन्शियाचा धोका जास्त होता त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. २०२३ च्या या निकालावरून मी इतकंच म्हणेन, की ज्यांच्याकडे इतरही धोके आहेत त्यांच्यापासून वाटप सुरू करा.

आणि यंत्र हातात देऊन मोकळे होऊ नका. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, स्वतःची पावलं, कागदाची सळसळ सगळंच अंगावर येतं. माणूस वैतागून यंत्र काढतो, ते कपाटाच्या खणात जातं आणि तिथेच राहतं. सुरुवातीला रोज दोन-तीन तास, शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना लावायला सांगा, मग वेळ वाढवा. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटून आवाज जुळवून द्या. बॅटरी कशी बदलायची, मळ कसा पुसायचा, हे घरातल्या एका तरुण माणसालाही दाखवून ठेवा.

तरुणांचे कान वाचवणं हा याचाच अर्धा भाग. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम म्हणजे कानाला इजा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज या मर्यादेच्या वर आहे असं समजा. अशा ठिकाणी कानातले बोळे किंवा इअरमफ सक्तीचे करा.

पायरी ५: डोळे

इथे फार सांगण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे. दृष्टीचा तक्ता, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह्यांची दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी. अमेरिकेतल्या सुमारे ३,००० मोतीबिंदू-काचबिंदूग्रस्तांच्या अभ्यासात ज्यांनी मोतीबिंदू काढून घेतला त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळलं.

पायरी ६: साखर, कोलेस्टेरॉल, वजन, हालचाल, तंबाखू, दारू

हे सहा वेगवेगळे कार्यक्रम म्हणून राबवू नका. माणूस एकच आहे, त्याला एकाच भेटीत तपासा.

एलडीएल वयाच्या ६५ च्या आधी तपासून गरज असेल तर उपचार सुरू व्हायला हवेत. वाटा ७ टक्के असूनही या तपासणीकडे सर्वात कमी लक्ष जातं. मधुमेहात मधल्या वयात साखर आटोक्यात ठेवणं महत्त्वाचं, पण वयस्कर माणसात ती अति कडक आवळू नका. साखर वारंवार फार खाली गेली तर मेंदूलाच धोका. वजनाचंही तसंच: लठ्ठपणाचा धोका मधल्या वयातला. म्हातारपणी वजन आपोआप घटत असेल तर कौतुक करण्याऐवजी कारण शोधा.

हालचालीचं माप सर्वांना ठाऊक आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. ते साधायचं तर सावलीचे सलग पदपथ, दिवे आणि बसायला बाकं लागतात. नुसत्या उपदेशाने कुणी चालत नाही. तंबाखू कुठल्याही वयात सोडली तरी धोका उतरू लागतो, हे साठीतल्या माणसाला आवर्जून सांगा, कारण ‘आता काय उपयोग’ असं तो धरून बसलेला असतो. दारूबाबत आयोगाने धोक्याची रेषा आठवड्याला सुमारे १६८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलच्या वर धरली आहे. त्याखालचं पिणं सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे.

अनेक गोष्टी एकत्र केल्याचा उपयोग होतो, हे फिनलंडमधल्या ‘फिंगर’ चाचणीने दाखवलं. ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. त्यांची बौद्धिक क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली.

पायरी ७: डोक्याची इजा

हेल्मेट, सीटबेल्ट, बांधकामावर शिरस्त्राण, आणि खेळात डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा मैदानात न उतरणं. वयस्करांसाठी न्हाणीघरात धरायला कठडा, जिन्याला दिवा. खर्च थोडा, फायदा लगेच दिसणारा.

पायरी ८: एकटेपणा आणि नैराश्य

इथे एक गुंता आहे. डिमेन्शिया सुरू होताना माणूस आपणच मिटत जातो, उदास होतो. त्यामुळे कारण कोणतं, परिणाम कोणता, हे उतारवयात ओळखणं अवघड. म्हणूनच आयोगाने नैराश्य मधल्या वयाच्या खात्यात टाकलं आहे. पण नैराश्यावर उपचार करायला डिमेन्शियाचं निमित्त लागतच नाही. तो आजार स्वतःच पुरेसा त्रासदायक आहे.

एकटेपणासाठी नावनिशीवार यादी करा: एकटे राहणारे, नुकताच जोडीदार गमावलेले, गेल्या सहा महिन्यांत निवृत्त झालेले, कान किंवा डोळे अधू झालेले. अशांना ‘कार्यक्रमाला या’ म्हणून पत्रक दिलं तर ते येत नाहीत. कुणीतरी घरी जाऊन सोबत घेऊन यावं लागतं. आणि आल्यावर त्यांना काम द्या, हजेरी मांडायचं, मुलांना वाचून दाखवायचं. नुसतं बसवून भाषण ऐकवलं तर पुढच्या वेळी खुर्ची रिकामी असेल.

पायरी ९: शाळा आणि हवा

हे दोन्ही आरोग्य विभागाच्या कक्षेबाहेरचे, म्हणून प्रत्येक आराखड्यातून गळतात. फ्रेमिंगहॅमची घट कमी शिकलेल्यांपर्यंत पोचली नव्हती, ते आठवा. शिक्षणाने मेंदूत एक प्रकारची गंगाजळी तयार होते. पुढे आजाराचे बदल झाले तरी माणूस जास्त काळ कामकाज निभावू शकतो. म्हणून सातवी-आठवीतून गळणाऱ्या मुलीला शाळेत टिकवणं हा साठ वर्षांनंतरचा डिमेन्शिया-प्रतिबंध आहे, आणि तुमच्या आराखड्यात तो त्याच शब्दांत लिहा. शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी पन्नाशीतही मेंदूला काम देणारे व्यवसाय, नवी कौशल्यं, वाचन उपयोगी ठरतात.

हवेत सर्वांत घातक ते २.५ मायक्रॉनहून बारीक कण. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आधी ती १० होती. एकट्या माणसाने मास्क लावून हा प्रश्न सुटत नाही. वाहनं, कारखाने, जाळला जाणारा कचरा आणि घरातली धुराची चूल, या चारांवर जे अधिकार तुमच्याकडे किंवा तुमच्या लोकप्रतिनिधींकडे आहेत ते वापरा.

पायरी १०: पैसा कशावर घालायचा नाही

जीवनसत्त्व ब, ई आणि ओमेगा-३ च्या गोळ्या डिमेन्शिया टाळण्यासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे. कमतरता असेल तर उपचार वेगळा. कुठलीही तक्रार नसलेल्या शेकडो लोकांची स्मरणशक्ती तपासायची शिबिरंही भरवू नका. त्यातून भीती पसरते आणि हाती फारसं लागत नाही. तोच दिवस बीपी आणि कानांना द्या.

पायरी ११: यश कसं मोजायचं

तीन वर्षांत डिमेन्शियाचे रुग्ण घटलेले दिसणार नाहीत. उलट जागरूकतेमुळे निदान वाढून ते वाढलेले दिसतील, आणि वरिष्ठ विचारतील, हे काय झालं? म्हणून पहिल्या दिवशीच मापं ठरवून घ्या. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी किती जणांना तो माहीत आहे, त्यातले किती औषध घेतात, त्यातल्या कितींचा आटोक्यात आहे? श्रवणयंत्र दिलेल्यांपैकी सहा महिन्यांनी रोज वापरणारे किती? मोतीबिंदू सापडलेल्यांपैकी शस्त्रक्रिया झालेले किती? आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुली किती? प्रत्येक आकडा स्त्री-पुरुष आणि शिक्षण यांप्रमाणे वेगळा काढा. एकूण सरासरी सुधारली आणि सर्वात गरीब गल्ली होती तिथेच राहिली, असं वारंवार घडतं.

नोंदवहीत प्रत्येक नावापुढे शेवटचा रकाना ‘पुढची भेट’ असा ठेवा आणि त्यात तारीख लिहिल्याशिवाय त्या माणसाला जाऊ देऊ नका. ठरल्या तारखेला जो आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोण जाणार, त्याचं नावही शेजारी लिहून ठेवा.